नमुन्याबरहुकूम

३ नोव्हेंबर

लेकीने सासरी परत जाताना ही वही हातात दिली. म्हणाली, "आई, तुझ्या मनात येतं ते सगळं तोंडातून बाहेर पडतं. थोडं कागदावर पडू दे, म्हणजे बाबा जगतील." उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. कुणावर गेलीय ते सांगायला नको.

माझी शाळा चौथीत सुटली. अक्षर कोंबडीने पाय घासल्यासारखं आहे. असू दे. कुणाला वाचायचंय?

आज एक म्हातारा दुकानात आला. जहाजावर कप्तान होता म्हणे, तर त्याला कप्तानच म्हणते. वडिलांची दोन नळ्यांची बंदूक घेऊन आला. जुनी, वरून दोन घोडे असलेली. डाव्या बाजूचा घोडा मागे ओढला तर थांबत नाही. आमचं काम तेच. जुन्या बंदुकांचे मोडलेले, झिजलेले लोखंडी भाग आता कुठे मिळत नाहीत, ते आम्ही हाताने नव्याने घडवतो. दुकान यांचं, परवाना यांचा, पाटीवर नाव यांचं. कानस ओढून खांदे माझेही गेलेत, पण खांदे पाटीवर लिहीत नाहीत.

यांनी आतली खिट्टी काढली. नखाएवढा तुकडा. घोडा मागे ओढला की हिचं नाक खाचेत बसतं आणि घोडा अडून राहतो. चाप ओढला की नाक सरकतं, घोडा पडतो, बार उडतो. सगळी बंदूक त्या नाकावर. हिला चीर गेलेली होती.

कप्तान म्हणाला, "मला एकदाच वाजवायचीय. मग मुलाकडे चाललो, कायमचा." डोळे पाणावले त्याचे. हे तुकडा अंगठ्याने कुरवाळत बसले, जसं काय मांजराचं पिल्लू. भिंग लावलं नाही. पूर्वी भिंग डोळ्याला चिकटलेलं असायचं, जेवायला बसले तरी. आता म्हणे भिंगाने डोकं दुखतं. वय झालं की माणूस कामचुकार होतो, दुसरं काय.

७ नोव्हेंबर

आज कडाक्याचं भांडण. मी कामाचा बाक आवरला एवढाच गुन्हा. कानशी सगळ्या पसरलेल्या, लहान-मोठी कसली शिस्त नाही. धुऊन पुसून डब्यात उभ्या करून ठेवल्या. हे आले, बाकावर हात फिरवला आणि असे ओरडले की शेजारच्या खोलीतून भाऊजी रंधा टाकून धावत आले. भाऊजी म्हणजे आमचा सुतार. नात्याचे नाहीत, पण यांच्याबरोबर मिसरूड फुटल्यापासून आहेत. बंदुकीचे लाकडी दस्ते तेच करतात.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, याच्या कानशी म्हणजे याची बत्तीशी आहे. एक दात इकडचा तिकडे केलात तर चावणार कसा?" आणि स्वतः सगळ्या कानशी काढून पुन्हा ओळीने मांडल्या. मोठी डावीकडे, बारीक उजवीकडे. मांडताना एकेकीचं नाव घेत होते, पाढे म्हटल्यासारखे. मी म्हटलं, "तुम्हीच बायको व्हा यांची." तर म्हणाले, "झालोय, कधीच. तुम्हाला दिसलं नाही, त्यालाही दिसत नाही." आणि मोठ्याने हसले. हे हसले नाहीत.

९ नोव्हेंबर

स्वेटर उलटा घालून दुकानात बसले होते. गिऱ्हाईक बघून गेलं. दुपारी चहाचा कप कोपराने सांडला, तोही कप्तानाच्या दस्त्यावर. भाऊजींनी पॉलिश नुकतंच केलेलं. मी जे बोलायचं ते बोलले. "लक्ष कुठे असतं? समोरचा हत्ती दिसत नाही का?" म्हटलं. हे फडका शोधत राहिले आणि फडका त्यांच्या मांडीवर. मुद्दाम करतात मला राग आणायला.

बार उडवून बघायचं कामही आताशा भाऊजींवर ढकललंय. खांदा दुखतो म्हणे. पूर्वी दुसऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत, म्हणायचे, मी घडवलं ते आधी माझ्या खांद्यावर फुटू दे.

१२ नोव्हेंबर

आज खिट्टीचं काम माझ्याकडे दिलं. पूर्ण. मी आतापर्यंत लोखंड कापून ढोबळ आकार द्यायचे, मग हे घ्यायचे. नाक, खाच, शेवटचं पाणी, सगळं यांचं. आज ती चीर गेलेली खिट्टी नमुना म्हणून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "तू कर. नमुन्याबरहुकूम कर. केसाचा फरक नको."

खोटं का सांगू, बरं वाटलं. इतक्या वर्षांनी.

नमुना घाण झाला होता. नाकाच्या टोकाला मेणाचा ठिपका चिकटून वाळलेला. हे हल्ली मेणबत्तीशी काय खेळतात कोण जाणे. रॉकेलच्या चिंधीने पुसून लखलखीत केला आणि मगच माप घेतलं.

१६ नोव्हेंबर

झाली. माझी खिट्टी झाली.

नव्या खिट्टीला काजळी धरून जुन्या नमुन्यावर टेकवली. काजळी सगळीकडे सारखी उठली. मापाचं व्हर्नियर लावलं, इकडून लावलं, तिकडून लावलं. जुळी भावंडं. त्या गोल नाकाचं वळणसुद्धा तसंच उतरलं. कानशीला हात चालतो माझा, आता कुणी नाही म्हणू दे.

यांच्या हातात दिली. अंगठा फिरवला, पुन्हा फिरवला. म्हणाले, "नाक बोथट लागतंय."

माझं डोकंच फिरलं. चार शब्द कौतुकाचे बोलले असते तर जीभ झडली असती? म्हटलं, "काजळी धरून बघितलंय. माप लावून बघितलंय. नमुन्याबरहुकूम सांगितलंत, नमुन्याबरहुकूम केलं. अंगठ्याने काय चाचपता आंधळ्यासारखं? विश्वास नसेल तर घ्या हे भिंग, दोन्ही समोर धरा आणि दाखवा मला कुठे बोथट आहे ते!" भिंग पुढे धरलंसुद्धा.

भिंग घेतलं नाही. मग म्हणाले, "बरोबर असेल."

यांनी असं कधी म्हटल्याचं आठवत नाही. आज जेवण गोड लागलं.

१९ नोव्हेंबर

खिट्टीला पाणी दिलं. लाल करून तेलात विझवली, मग मंद तापवून गव्हाच्या काडीचा रंग आणला. हे शेजारी उभे राहून सारखे विचारत होते, "आता कसा रंग आलाय? आता?" परीक्षा घेत होते बहुतेक. मी म्हटलं, "समोर आहे, बघा की." तर भाऊजी मध्येच, "काडीचाच आहे रे. वहिनी, काढा." भाऊजींना कुणी विचारलं होतं?

बसवली. भाऊजींनी घोडे चढवून दस्ता रबरावर आपटला, बंदूक रिकामीच होती. घोडा पडला नाही. पुन्हा आपटला. धरून राहिला. कप्तान उद्या येतोय, त्याचं जहाज का विमान काय ते लवकर आहे. उद्या मागच्या मैदानात बार.

२० नोव्हेंबर

भाऊजींचा पाय.

२२ नोव्हेंबर

काल लिहिता आलं नाही. आज लिहिते, नाहीतर डोक्यात तेच फिरत राहील.

मैदानात कप्तान, भाऊजी, हे आणि मी. कप्तान म्हणाला, मी वाजवतो. भाऊजी म्हणाले, "साहेब, नवरीचा घुंघट आधी घरच्यांनी उचलायचा." दोन्ही नळ्या भरल्या, दोन्ही घोडे चढवले. उजवी वाजवली. मातीच्या बांधावर धूळ उडाली. कप्तानाने टाळ्या वाजवल्या. भाऊजींनी बंदूक खांद्यावरून खाली घेतली आमच्याकडे बघून हसत. नळ्या जमिनीकडे. बोट चापावर नव्हतं, मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. डावा घोडा आपोआप पडला.

पाऊल राहिलं नाही.

ओरडले नाहीत भाऊजी. खाली बसले, जसं काय बूट काढायला बसलेत. ओरडत होते ते हे. "काय झालं? काय झालं सांग कुणीतरी!" समोर सगळं होतं, तरी विचारत होते. मला वाटलं भीतीने डोकं गेलं. मी म्हटलं, "दिसत नाही का तुम्हाला?" आणि ओढणी काढून तिने भाऊजींची मांडी आवळायला लागले.

काल दवाखान्यात गुडघ्याच्या वरून कापला.

२४ नोव्हेंबर

दुकानाला सील. बंदुकांच्या खात्याचा तपासनीस आला. तरुण आहे, उद्धट नाही, ते एक बरं. पण हाडाचा चिवट. बंदूक उघडून माझी खिट्टी बाहेर काढली होती आणि जुना नमुनाही. म्हणाला, "ही कुणी घडवली?"

मी तोंड उघडायच्या आत हे म्हणाले, "मी."

मी म्हटलं, "अहो, काय बोलताय? मी केली ती." हे म्हणाले, "तिचं ऐकू नका. ती मला वाचवायला बघतेय. परवाना माझा, काम माझं."

तपासनिसाने पांढऱ्या कापडावर दोन्ही तुकडे ठेवले आणि कापड टेबलावर जरा बाजूला सरकवलं. "तुमचंच काम असेल तर यातली तुमची कुठली, ते दाखवा."

यांनी हात पुढे केला. हात रिकाम्या टेबलावर पडला. पडला आणि चाचपायला लागला. इकडे, तिकडे. कापड एका वितीवर होतं. पांढरं, लख्ख उजेडात.

तपासनीस बघत होता. मीही बघत होते. मला आधी वाटलं हात थरथरतोय. मग यांच्या डोळ्यांकडे बघितलं. ते तपासनिसाकडे नव्हते, टेबलाकडे नव्हते. कुठेच नव्हते.

तपासनिसाने काहीतरी लिहून घेतलं. दार ओढताना हळू ओढलं त्याने.

२५ नोव्हेंबर

भाऊजींकडे गेले. चेहरा मेणासारखा, पण जीभ जागेवर. "या वहिनी. बसा. त्या बाजूला बसा, जिथे पाय नाही तिथे जागा भरपूर आहे."

मी सरळ विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"दोन वर्षं झाली असतील. आधी कडा गेल्या, मग मधलं. आता म्हणे दुधाच्या पातेल्यात डोकं घातल्यासारखं दिसतं."

"मला का नाही सांगितलं?"

भाऊजी छताकडे बघत राहिले. "डोळ्यांचा दाखला लागतो वहिनी. तो नसला तर परवाना जातो. हे एक."

"आणि दुसरं?"

"दुसरं राहू दे."

"बोला. मला आडपडदा चालत नाही."

"ते माहीत आहे," भाऊजी म्हणाले. "तो म्हणायचा, परवाना गेला तर जाऊ दे, पण हिला कळलं तर रोज ऐकावं लागेल. आंधळा होणं परवडलं, म्हणायचा."

नर्स आली म्हणून उठले. एरवी कुणी असं बोललं असतं तर मी सोडलं नसतं. आज जिना उतरताना कुणाचा तरी धक्का लागला, त्यालाच सॉरी म्हणून टाकलं.

२६ नोव्हेंबर

सकाळी चहा यांच्यासमोर ठेवला. मग उचलून हातात दिला.

मग मी म्हटलं, "खिट्टी नमुन्यासारखीच होती. केसाचा फरक नव्हता. मग घोडा पडला कसा?"

"नमुना झिजलेला होता म्हणून."

"म्हणजे?"

"शंभर वर्षं घासून नाक गोल झालेलं. जेवढं लोखंड झिजलंय तेवढं नमुन्यावर मेण लावायचं, नखाने कोरून मूळचं नाक उभं करायचं, आणि मग त्याच्यावरून नवा करायचा. मी लावलं होतं. दिसत नाही म्हणून अंगठ्याने लावलं. पुन्हा पुन्हा काढून लावलं." थोडं थांबले. "तुझ्या मापात ते आलंच नाही. मेण कुठे गेलं ते मला अजून कळलेलं नाही."

मी सांगितलं. रॉकेलची चिंधी.

यांनी कप चाचपत खाली ठेवला. मी म्हटलं, "मला आधी का नाही सांगितलं मेण कशासाठी असतं ते? इतकी वर्षं शेजारी बसते."

"तू विचारलंस कधी? तू सांगत असतेस."

"आणि नाक बोथट आहे म्हणालात, तेव्हा तेच का नाही धरून बसलात?"

"तू भिंग पुढे केलंस," एवढंच म्हणाले.

म्हणजे मी झीज उतरवली. जुनं काम नाही, जुन्याचा आजार तेवढा नव्या लोखंडात भरला, आणि वर जुळी भावंडं म्हणून नाचले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

२९ नोव्हेंबर

खात्याच्या कचेरीत गेले. तपासनिसाला म्हटलं, "साहेब, आंधळा माणूस असं काम करू शकतो का? तुम्हीच बघितलंत. मी केलंय. मला धरा."

तो म्हणाला, "बाई, दिसत नसताना त्यांनी बंदुकीचा भाग केला, म्हणूनच तर हे झालं. ते स्वतः कबूल करतात. उलट गुन्हा जड होतो त्यांचा. तुम्ही मध्ये का पडता? तुम्ही कुठे शिकलात हे काम?"

"शेजारी बसून."

हसला नाही, पण पेन खाली ठेवलं. मी आवाज चढवला. टेबलावर हात आपटला. आजूबाजूचे कारकून बघायला लागले. मी जेवढी ओरडत होते तेवढी त्याला मी नवऱ्याला वाचवणारी बायको दिसत होते. हे कळत होतं आणि थांबता येत नव्हतं.

शेवटी म्हणाला, "ठीक आहे. इथल्या कारखान्यात, आमच्या तज्ज्ञासमोर करून दाखवा. तोच नमुना, तसाच तुकडा. दोन्ही कामं एका हाताची आहेत असं त्यांनी सांगितलं, तर तुमचा जबाब घेतो. मग ते सुटतील आणि तुम्ही अडकाल. विचार करून या."

यात विचार काय करायचा?

३० नोव्हेंबर

भाऊजींना सांगितलं. ते म्हणाले, "वहिनी, एवढं लक्षात ठेवा. तिथे चांगलं करायचं नाही. तेच करायचं. तीच चूक, तंतोतंत." मी म्हटलं, "चुकायला काय अक्कल लागते?" तर म्हणाले, "बघा हं. एकदा नकळत जमतं. दुसऱ्यांदा अवघड जातं."

यांना सांगितलं तर नको म्हणाले. जेवताना म्हणाले, आंघोळीला जाताना म्हणाले. मी ऐकलं नाही. तेवढं एक जुनं वळण राहिलंय.

१ डिसेंबर

त्यांचा कारखाना स्वच्छ आहे. पांढरे दिवे. तज्ज्ञ म्हणजे एक टकला, जाड बोटांचा माणूस. बोटं बघून बरं वाटलं, कानशीची बोटं होती. समोर स्टूल टाकून बसला. मला जुना नमुना दिला आणि पोलादाची पट्टी.

ढोबळ आकार झाला. भोक पाडलं, मागची शेपटी घासली. सगळं हुबेहूब. टकला मान हलवत होता. मनात म्हटलं, झालं, आता हे सुटले.

मग नाकाशी आले.

गोल करायचं होतं. नमुना डोळ्यांसमोर होता, तीच झीज, तोच उतार. बारीक कानस लावली आणि एक हात ओढला. दुसरा ओढताना भाऊजी बूट काढायला बसल्यासारखे खाली बसले ते दिसलं. कानस उचलली. पुन्हा लावली. स्वतःला शिव्या घातल्या. म्हटलं, अगं बये, ही कुठल्या बंदुकीत बसणार नाहीये, ही नुसती दाखवायची आहे. घाल ना गोल, एवढं सोपं काम.

हात ऐकेना. काय झालं मला सांगता येत नाही. जिथे लोखंड घालवायचं तिथे मी ठेवत गेले. वाटलं, थोडं ठेवू, मग शेवटी घासून टाकू. शेवट आला आणि नाक उभं होतं. सरळ, कडक, खाचेत पडलं तर हत्तीने ओढलं तरी न सुटणारं. यांनी मेणाने केलं असेल तसं.

टकल्याने भिंग लावलं. बराच वेळ बघितलं. माझी पहिली खिट्टी शेजारी ठेवून बघितलं. मग तपासनिसाला म्हणाला, "हे फार चांगलं काम आहे. असा हात मी क्वचितच बघितलाय. ज्याने हे केलं, त्याने ते केलेलं नाही."

मी म्हटलं, "थांबा. मला आणखी एक करू द्या. मी चुकीचं करून दाखवते."

तपासनीस म्हणाला, "बाई, आता चुकीचं केलंत तर ते मुद्दाम केलेलं असेल. घरी जा."

टकला माझ्यामागे दारापर्यंत आला. म्हणाला, "कुणाकडे शिकलात?" मी चालायला लागले.

त्याच दिवशी, संध्याकाळ

घरी आले तर हे खिडकीकडे तोंड करून बसले होते. पावलांवरून कळलं त्यांना.

"काय झालं?"

"नाही पटलं त्यांना."

"का?"

"नाक उभं झालं."

यांनी हात पुढे केला. मग म्हणाले, "दाखव."

तुकडा त्या लोकांनी ठेवून घेतला होता. मी यांचा हात घेतला आणि तळव्यावर नखाने काढून दाखवलं. हा उतार, इथे कडा, इथून सरळ खाली. अंगठ्यापाशी आले तेव्हा यांनी मूठ मिटली, माझं बोट आतच.

"बरोबर आहे," म्हणाले. "असंच पाहिजे."

हा माणूस माझ्या कामाला पहिल्यांदा मनापासून बरोबर म्हणाला, आणि मला तेव्हा ते नको होतं.

उद्या सकाळी यांना न्यायला येणार आहेत. कपडे पिशवीत भरलेत, शर्ट सुलटे करून, बटणं लावून, म्हणजे डोक्यातून घालता येतील. भाऊजींनी निरोप पाठवला की वकील बघतो. वकील बघेल तेव्हा बघेल. तिथे यांच्यासमोर ताट ठेवतील तेव्हा भाकरी कुठे आणि पाण्याचा पेला कुठे ते कोण सांगणार? दार कुठल्या बाजूला आहे ते कोण सांगणार? उद्या त्या तपासनिसाला विचारणार आहे. नीट विचारणार आहे. आवाज न चढवता.